पाच खणांचं चर्च, सहाव्याची सोय

बिल्डिंग ड्रॉइंगच्या तासाला शाळा, दवाखाना आणि बंगला घोटून घोटून तुम्हीही कंटाळलात आणि तपासून तपासून मीही. म्हणून यंदा वेगळा विषय दिला : गरीब कॅथलिक वस्तीसाठी नवीन चर्च. आज रविवारच्या मिस्सेला माणसं २००, वस्ती वाढती, पैसा थोडा आणि तोही तुकड्यातुकड्यानं येणारा.

शीट्स आल्या. निम्म्या जणांनी टोकदार कमानी आणि उंच मनोरा काढला होता. चित्रं देखणी, पण मनोऱ्यात बसणार कोण? एकानं तर थेट १००० माणसांचा हॉल काढला, ‘वस्ती वाढणारच आहे ना सर’ म्हणून. अशा हॉलचं जोतं होतं, खांब उभे राहतात आणि पैसे संपतात. मग वर नुसत्या सळया गंजत राहतात आणि लोक खाली ताडपत्री बांधून प्रार्थना करतात.

मोठ्या सणाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात बघायला मिळतं. एकेकाळी खासगी साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. १९४९ पासून तिथं सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते आणि लाखांनी भाविक येतात. त्यात शेतमजूर, कष्टकरीच जास्त. एवढी माणसं मावतील असं छप्पर कुणी बांधायचं? गर्दी मैदानात मावते. म्हणजे इमारत रविवारच्या हिशोबानं आणि अंगण सणाच्या हिशोबानं. चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात दादरचं पोर्तुगीज चर्च नव्यानं बांधलं, तेव्हा छपराखालच्या जागांना उघडी अंगणं जोडली. तीही याच वाटेची.

आता आकडे. येण्याजाण्याची वाट धरून माणशी ०.७ चौ. मी. घ्या. आपले आजोबा घर चौरस फुटांत सांगत नसत, ‘पाच खणी’ सांगत. तेच माप इथं धरू. रुंदी १० मी., खण ३.५ मी., म्हणजे एका खणात ३५ चौ. मी. आणि बरोबर ५० माणसं. २०० माणसांना चार खण, वेदी आणि फादरांच्या तयारीच्या खोलीला पाचवा. झालं चर्च! रुंदी कमी करून लांबोडकं काढू नका. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत, आपल्याकडे मराठीत, होऊ लागली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे मागच्यालाही दिसायला आणि ऐकायला हवं.

खरी गोम वेदीसमोरच्या टोकाला, दरवाजाच्या भिंतीत आहे. वाढ तिकडंच होणार. बहुतेकांनी तिथं जाड भिंत घेऊन पर्लिन तिच्यावरच टेकवले. मग सहावा खण जोडताना भिंत पाडली की छप्पर खाली! तिथंही खांब आणि पूर्ण कैची द्या. आणखी एक. टोकाच्या कैचीवर आज अर्ध्या खणाचा भार आहे, उद्या पूर्ण येणार. म्हणून ती कैची, तिचे खांब आणि पाया आजच पूर्ण भाराला डिझाइन करा. खर्च जरासा वाढतो, पण पुढची तोडफोड वाचते. खालची भिंत नुसती भरावाची, चुना मिसळलेल्या नरम मसाल्यात, म्हणजे विटा अख्ख्या सुटतील. वरच्या त्रिकोणात वीट नकोच, हलका पत्रा लावा. भूकंपात उंच विटांचा त्रिकोण आधी ढासळतो, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा आपल्यापासून फार लांबचा नव्हता. नवा खण बाहेर पूर्ण उभा करायचा आणि मगच मधली भिंत सोमवार ते शनिवारात काढायची. एकही रविवार बुडत नाही.

त्या बाजूला संडास, टाकी, गटार काही नको. हे तीन शीट्सवर होतं!

छपराला पत्रा स्वस्त, पण गारगोटीच्या पावसात पत्र्याखाली प्रवचन ऐकून दाखवा! मी मंगलोरी कौलांच्या बाजूचा. (मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशननं काढला होता. ते मात्र प्रोटेस्टंट.) कौलं जड, तेव्हा कैचीचं वजन पुन्हा काढा.

स्वस्त बांधकामासाठी लॉरी बेकर यांचं तिरुवनंतपुरममधलं लोयोला चॅपल अभ्यासा. १९७० च्या सुमारास त्यांनी विटांच्या जाळीदार भिंतींनी मोठी सभा बसेल अशी वास्तू अगदी कमी पैशात उभी केली. जाळीतून वारा आणि उजेड फुकट. फक्त आपल्याकडे पश्चिमेला जाळी दिलीत तर जुलैत भक्त भिजतील. तिकडं बंद भिंत आणि मीटरभर वळचण. भिंतीला जांभा चालेल, पण उघडा नको. गोव्याच्या बॉम जीझस चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला जांभा पावसानं झिजतोय.

‘सर, घंटा कुठं टांगायची?’ अंगणात दोन खांब आणि एक आडवी तुळई.

पुढच्या आठवड्यात एस्टिमेट. पाच खणांची एकूण रक्कम काढाच, पण सहाव्या खणाचं पान वेगळं जोडा, पाया ते कौल. वर्गणी गोळा करणारे पहिल्यांदा तेच पान मागतील.