लांबचा संदेश क्षीण का होतो? हॅम रेडिओच्या जाळ्याचा एक पाठ



ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्याचा वेढा पडला, वीज गेली, मोबाईल चार्ज कुठं करायचा हाच प्रश्न. अशा वेळी "बोट कुठं पाठवायची? कुणाला औषध हवंय?" एवढा चार ओळींचा निरोप पोहोचणंही जीव वाचवणारं ठरतं.

म्हणूनच आजचा पाठ हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानातच होते. फोन बंद पडले, पण त्यांनी रेडिओवरून तिथल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली.

मेश म्हणजे काय?

मेश म्हणजे जाळं. वर्गात शेवटच्या बाकावरची चिठ्ठी हातोहात पहिल्या बाकावर येते ना, तसंच. प्रत्येक केंद्र स्वतःचा निरोप तर पाठवतंच, शिवाय शेजारच्याचाही पुढं ढकलतं. एक केंद्र बंद पडलं तर निरोप दुसऱ्या वाटेनं जातो. पण जाळ्यातला एखादा लांबचा धागा कच्चा असेल तर? निरोप अर्धवट येतो, पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो.

धागा कच्चा का राहतो?

आपलं उदाहरण घेऊ. कोल्हापूर ते शिरोळ सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर. लहर घेऊ घरच्या वायफायसारखी, २.४ गिगाहर्ट्झची. ही लहर जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते. वाटेत दोन अडचणी येतात.

पहिली अडचण पृथ्वीचा फुगवटा. सपाट दिसणारी जमीनही मध्ये फुगलेली असते. गणित सोपं आहे: मधल्या बिंदूपासून दोन्ही टोकांची किलोमीटरमधली अंतरं गुणा आणि १७ ने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. (लहर हवेत किंचित वाकते, ते यात धरलेलं आहे.) २० × २० ÷ १७, म्हणजे सुमारे साडेतेवीस मीटर.

दुसरी अडचण लहरीची जाडी. रेडिओलहर सुतासारखी बारीक नसते, मध्ये काकडीसारखी फुगते. या भागाला फ्रेनेल पट्टा म्हणतात. आपल्या उदाहरणात मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ३५ मीटर येते, आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे २१ मीटर भाग मोकळा हवा.

आता बेरीज करा. साधारण ४५ मीटर! जमीन अगदी सपाट धरली तरी दोन्ही टोकांना चौदा-पंधरा मजली इमारतीएवढी उंची लागेल. वर ऊस, नारळ, घरं आहेतच. म्हणून "समोरचं गाव गच्चीवरून दिसतंय की" एवढ्यावर भागत नाही.

उपाय कोणत्या क्रमानं?

१. आधी वाट मोकळी करा. उंची वाढवा, नाहीतर मध्ये टप्पा घ्या. नकाशावर बघा, कुंभोजजवळची बाहुबलीची टेकडी साधारण मध्यावर येते. तिथं केंद्र धरलं तर ४० चे २० आणि २० असे दोन भाग होतात. आता फुगवटा किती? १० × १० ÷ १७, म्हणजे फक्त सहा मीटर. अंतर निम्मं, पण फुगवटा चौथाई! शिवाय टेकडीची उंची फुकटात मिळते. मात्र एकच रेडिओ ऐकायलाही आणि पुढं सांगायलाही वापरला तर वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून टप्पे उगाच वाढवू नयेत.

२. अँटेना नेमका रोखा. सगळीकडे पसरणाऱ्या अँटेनाऐवजी जाळीची डिश लावली की शक्ती एका दिशेला एकवटते. तीच डिश समोरचं क्षीण बोलणंही चांगलं ऐकते, म्हणून फायदा दुहेरी. दोन्हीकडचे अँटेने एकतर उभे असावेत किंवा दोन्ही आडवे. एक उभा आणि एक आडवा असेल तर संदेश फार क्षीण होतो.

३. केबल आखूड ठेवा. साध्या पातळ केबलमधून या लहरीची सुमारे ९० टक्के शक्ती १० मीटरमध्येच संपते. त्यापेक्षा रेडिओच अँटेनाजवळ बसवावा.

४. जोड पाण्यापासून जपा. या लहरीला पावसाचा फारसा त्रास होत नाही, पण जोडात शिरलेलं पाणी आणि वाटेतली ओली पानं त्रास देतात. उन्हाळ्यात नीट चालणारा धागा जुलैत पुन्हा तपासायलाच हवा.

५. वेग कमी करा. वर्गात मागच्या मुलाला ऐकू गेलं नाही तर आपण सावकाश, सुटं सुटं बोलतो. रेडिओचंही तसंच. पुरात व्हिडिओ लागत नाही, चार ओळी पुरतात.

शक्ती वाढवणं या यादीत मुद्दाम घेतलं नाही. त्यावर कायद्याची मर्यादा आहे, आणि वाट अडलेली असेल तर ओरडून उपयोग नाही. प्रत्येक वेळी एकच बदल करा, आधीचं आणि नंतरचं मोजमाप वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

वर्गात करून बघा

सहावी-सातवीच्या मुलांना जिल्ह्याचा नकाशा द्या. आपलं गाव आणि पुरात वेढलं जाणारं एखादं गाव निवडायला सांगा. पट्टीनं अंतर मोजून फुगवटा काढू द्या, मग मधली टेकडी शोधू द्या. प्रमाण, गुणाकार, भागाकार आणि भूगोल, सगळं एकाच तासात येतं. डिशचं काम दाखवायला टॉर्चमधला आरसा पुरतो. आरशासह आणि आरशाशिवाय भिंतीवरचा उजेड बघा.

पालकहो, एक गोष्ट लक्षात ठेवा. हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की मुलंही ती परीक्षा देऊ शकतात. हॅम रेडिओवर धंद्याचं बोलणं आणि गुप्त भाषा दोन्हीला मनाई आहे.

आणि हो, जाळं विणायचं ते उन्हाळ्यात. पाणी बंधाऱ्यावर चढल्यावर टेकडीवर अँटेना लावायला कुणी जाऊ शकत नाही. तुमच्या गावासाठी मुलांनी कोणती टेकडी निवडली, ते जरूर कळवा.