गार्डने पळणारा पोरगा पकडला, पण हात मोडला रस्त्यावरच्या आजींचा. आता पुढे काय?

सिक्युरिटीच्या व्हिडिओत आपण गार्ड कसा निवडायचा, पगार किती, ड्युटी कशी लावायची हे बघितलं. आजचा धडा त्याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. तुमच्या गार्डमुळे ज्याचा चोरीशी काही संबंध नाही अशा माणसाला लागलं, तर त्या माणसाकडे कोणते कायदेशीर मार्ग असतात? दुकानदाराने हे जखमी माणसाच्या बाजूने समजून घ्यायला हवं. एक तर उद्या तो माणूस आपल्याच घरातला असू शकतो. दुसरं म्हणजे, त्याचा प्रत्येक मार्ग शेवटी आपल्या गल्ल्यापर्यंत येतो.

एक उदाहरण धरू. बारामती-इंदापूर रस्त्यावर तुमचं छोटं मार्ट आहे. एक पोरगा डिओची बाटली खिशात घालून पळाला. गार्ड मागे धावला, दारातच झटापट झाली, आणि एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या आजी धक्क्याने पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

आजींच्या घरच्यांनी पहिलं काम करायचं ते दवाखान्याचं. खाजगीत नेलं तरी हरकत नाही, पण ‘घरात घसरून पडल्या’ असं चुकूनही लिहून द्यायचं नाही. मारहाणीची किंवा धक्क्याची जखम असेल तर डॉक्टर ती एमएलसी म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. आपल्याकडे बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे ही नोंद नीट होते. एक्सरे, बिलं, औषधांच्या पावत्या सगळं एका पिशवीत जपून ठेवायचं. पुढे कोर्टात हीच पिशवी बोलते.

मग पोलीस ठाणे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. नुसतं खरचटलं, मुका मार लागला, तर ती साधी दुखापत. कलम 115 लागतं आणि बहुतेक वेळा एनसी होते. म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पण हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत झाली. गार्डने जाणूनबुजून मारलं असेल तर कलम 117, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. मारायचं नव्हतं, पण बेदरकारपणे ढकलाढकली केली आणि हाड मोडलं, तर कलम 125, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र, म्हणजे एफआयआर घ्यायलाच हवा. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. तरीही नोंदवला नाही तर लेखी तक्रार पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा.

आता इथे मालक लोक म्हणतात, ‘सर, पण तो चोर पकडत होता ना! त्याला अधिकार नाही का?’

अधिकार आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. त्याला तुमच्या-माझ्याएवढाच अधिकार. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तरच सामान्य माणूस कुणाला पकडू शकतो, आणि 6 तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. आता गंमत बघा. नव्या कायद्यात 5000 रुपयांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली आणि माल परत दिलेली साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केलीय. माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून वेगळं, कडक कलमही लागू शकतं, पण ते ठरवणार पोलीस आणि कोर्ट. डिओच्या बाटलीसाठी भर रस्त्यात झटापट करणाऱ्या गार्डच्या डोक्यात हा हिशोब नसतो. माल वाचवण्यासाठी बळ वापरता येतं, पण गरजेपुरतंच. आणि आजींनी तर काहीच केलेलं नाही.

फौजदारी केस गार्डवर झाली. पैसे कोण देणार? गार्डचा पगार किती ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आजींचा वकील दिवाणी दावा लावताना मालकालाही प्रतिवादी करणार. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या कोर्टांत पक्कं आहे.

विदर्भातलं प्रकरण बघा. 18 डिसेंबर 1960 ला एका जिनिंग कंपनीचा मॅनेजर कंपनीची गाडी घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला. गाडी झाडावर आदळली आणि सोबत बसलेले गृहस्थ गेले. ते कंपनीचे नोकर नव्हते. कंपनीचं म्हणणं, आमचा काय संबंध? सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग या निकालात कंपनीला जबाबदार धरलं, कारण मॅनेजर कंपनीच्या कामावर होता. बाईंना न्याय मिळायला किती वर्षं लागली तेही मोजा.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं, 1927 च्या निकालातलं, आणि आपल्या साखरेच्या पट्ट्यात ते लगेच समजेल. मालकाच्या गाड्यावरून साखरेची पोती चालली होती. एका पोराने पोत्याला हात लावलेला कंपनीच्या गाडीवानाने पाहिला. त्याला वाटलं साखर चोरतोय. त्याने फटका मारला, पोरगा पडला, पायावरून चाक गेलं, पाय कापावा लागला. गाडीवान त्या वेळी ड्युटीवरही नव्हता, जेवायला घरी निघाला होता! तरी कोर्ट म्हणालं, मालकाचा माल वाचवायलाच त्याने हे केलं, मालक जबाबदार. इंग्लंडचे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण असल्या प्रकरणात आपले वकील त्यांचा आधार घेतात.

‘माझा गार्ड एजन्सीचा आहे’ ही ढाल अर्धीच. एजन्सी वेगळा ठेकेदार आहे असं म्हणता येतं, पण कुणाला अडवायचं, कुठे उभं राहायचं हे रोज तुम्हीच सांगत असाल तर कोर्ट तेही बघणार. शिवाय एजन्सीला 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. विनापरवाना एजन्सी चालवली तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 25,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वस्तात मिळते म्हणून अशी एजन्सी घेतलीत, तर निवडीतला निष्काळजीपणा थेट तुमच्या नावावर. जखमी माणूस परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही तक्रार करू शकतो.

ग्राहक आयोगाचं विचाराल तर आजींना तिथे जागा नाही, कारण त्यांनी तुमच्याकडून काही विकत घेतलं नव्हतं. बिल हातात असलेल्या गिऱ्हाईकाला मारलं किंवा चोर समजून अडवलं तर मात्र पुण्याच्या जिल्हा आयोगात 2 वर्षांत तक्रार होऊ शकते.

मुदतीचं एक लक्षात ठेवा. कोंडून ठेवल्याच्या भरपाईचा दिवाणी दावा 1 वर्षात लावावा लागतो. इजेसाठी मुदत जास्त असली तरी वर्षाच्या आत वकील गाठलेला बरा. पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. महिलांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा किंवा 15100 ला फोन लावायचा.

आता तुमची बाजू. असं काही घडलं तर पहिल्या तासात दवाखान्याचा खर्च तुम्ही करा, पावती ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: आधी उपचार, जबाबदारीचा वाद नंतर. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. बऱ्याच मशीन काही दिवसांनी जुनं पुसतात, आणि तक्रार होणार हे माहीत असताना मुद्दाम पुसलंत तर तो वेगळा गुन्हा ठरतो. जखमीकडच्यांनीही लगेच लेखी मागणी करून पोच घ्यावी. तडजोड जरूर करा, पण गंभीर दुखापतीची केस नोटरीच्या कागदावर मिटत नाही, कोर्टाची परवानगी लागते. आणि दुकानाच्या विम्यात तिसऱ्या माणसाच्या इजेचं कव्हर आहे का ते आज रात्रीच पॉलिसी काढून बघा. बहुतेकांनी फक्त आग आणि चोरीवर टिक केलेली असते.

शेवटचा मुद्दा खास आपल्या भागासाठी. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, मेंढ्यांच्या रिंगणाला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि आपण गावातली दोन पोरं दोन दिवसांसाठी दारात उभी करतो. हातात काठी, गळ्यात शिट्टी. ती पोरं एजन्सीची नाहीत, ते दोन दिवस ती तुमची नोकर आहेत. त्यांची नावं, वेळ, मजुरी वहीत लिहा. काठी देऊ नका. आणि सकाळी उभं करतानाच सांगा: माल गेला तर जाऊ दे, फोटो काढ, मला हाक मार, गर्दीत कुणाच्या मागे पळायचं नाही.