गाठ आटली, तरी फाइल मिटू नका

मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत हिशेबाचं काम करतो, राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये. काही वर्षांपूर्वी मला एकाचं दोन दिसू लागलं. चष्मा बदलून भागेना, तेव्हा एमआरआय झाला आणि डाव्या डोळ्याच्या मागे, कॅव्हर्नस सायनसमध्ये मेनिंजिओमाची गाठ निघाली. कॅन्सर नव्हता. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमनीला ती गाठ विळखा घालून बसली होती. तिथे शस्त्रक्रिया जोखमीची, म्हणून गामा नाइफने रेडिओसर्जरी, म्हणजे किरणांचा उपचार, ठरला.

स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली रेडिओसर्जरीची कल्पना मांडली. आपल्याकडे १९९७ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आणि माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात गामा नाइफ आलं. कोबाल्टचे दीडशेहून अधिक बारीक किरण एका बिंदूवर एकवटतात. कवटी उघडावी लागत नाही. माझी गाठ पुढे हळूहळू आटली आणि दिसणंही सुधारलं. घरात पेढे वाटले गेले.

त्यानंतर बऱ्याच काळाने एका दुपारी चलनावर सही करताना पेन हातातून गळालं. उचलायला गेलो तर उजवी बोटं ऐकेनात. शेजारच्या सावंतांना हाक मारायची होती, नाव डोक्यात होतं, पण तोंडातून नुसतं ‘अं, अं’ निघत होतं. चहा येईपर्यंत सगळं पूर्ववत. जवळच्या दवाखान्यात ‘मानेची नस दबली असेल’ म्हणून गोळ्या मिळाल्या. जुन्या गाठीबद्दल तिथे विषयच निघाला नाही. पुढच्याच आठवड्यात जेवताना घास तोंडातून ओघळला. बायकोने ताट बाजूला सारलं, रिक्षा बोलावली आणि माझी फाइल काखेत मारून मोठं रुग्णालय गाठलं. एमआर अँजिओग्राफीत दिसलं ते असं: गाठ लहानच होती, पण तिच्या विळख्यातली धमनी अरुंद झाली होती.

डॉक्टरांनी समजावलं, ते थोडक्यात सांगतो. किरणांनी रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावू शकतं. मग भिंत जाड होते, पोकळी आकसते, तिथे गुठळी धरू शकते. हे महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटतं. कानाच्या नसेवरच्या गाठीला किरण दिल्यानंतर शेजारच्या धमनीला फुगा आल्याच्याही तुरळक नोंदी आहेत. असे प्रकार विरळा, म्हणून घाबरून रेडिओसर्जरी नाकारू नका. माझी दृष्टी तिनेच वाचवली. मात्र धमनी अरुंद होण्याचं कारण किरणच असेल असं नाही. गाठीचा दाब, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू हेही वाटेकरी असतात, आणि त्यांतले बरेच आपल्या हातात आहेत. मला रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, बीपीची वही घातली गेली.

आता तुमच्यासाठी. उपचाराआधी विचारा: गाठीला लागून कोणती धमनी आहे, तिला किती मात्रा पोचेल? नंतरच्या तपासण्यांत गाठीचं माप घेतलं जातंच. ‘एमआर अँजिओग्राफीही करायची का?’ हे आपण होऊन विचारा. डिस्चार्जचा कागद, किरणांची तारीख, ‘ग्रे’ या एककातली मात्रा आणि शेवटचा एमआरआय यांचे फोटो स्वतःच्या आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सर्दी-तापासाठी गेलात तरी नव्या डॉक्टरांना गाठीची गोष्ट सांगा.

तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं ठणकणं: यातलं काहीही झालं तर तो पक्षाघात समजूनच निघा. दहा मिनिटांत बरं वाटलं तरीही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आपल्या भागातल्यांनी एक गोष्ट आजच करावी. मोठ्या डॉक्टरांची फाइल परळ-माहीमला असते, म्हणून नातेवाईक रुग्णाला थेट मुंबईला न्यायला निघतात. बदलापूरहून दादर म्हणजे लोकलनेही सव्वा तासाच्या आसपास. रस्त्याने कल्याणपर्यंतच किती कोंडी लागेल याचा नेम नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात चोवीस तास सीटी स्कॅन कुठे चालू असतो आणि गुठळीचं इंजेक्शन कुठे मिळतं, ते फोन करून विचारा आणि १०८ च्या शेजारी तो नंबर फ्रिजवर चिकटवा. मुंबईच्या डॉक्टरांना फोन करायचाच, पण पहिला सीटी होऊन उपचार सुरू झाल्यावर.