शेणव्याहून शहराकडे : स्वस्त घर आणि त्याचे कागद

शहापूर तालुक्यातील शेणवा व त्याच्या आसपासची गावे ही भाताची गावे. कापणी-झोडणी उरकली की कामासाठी बाहेर पडण्याची येथील रीत जुनी आहे. आता मात्र पुष्कळ घरांतून एक तरी माणूस वर्षभर नोकरीवर असतो. शहापूरमार्गे आसनगाव स्थानक गाठावयाचे, तेथून कसारा मार्गावरील लोकलने कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबई. जाण्यायेण्यात दिवसाचे चार-पाच तास सहज जातात. अशा माणसाच्या मनात स्टेशनाजवळ दोन खोल्यांचे आपले घर असावे ही इच्छा उत्पन्न होणे अगदी स्वाभाविक होय. मग आसनगाव, वासिंद, टिटवाळा, आंबिवली येथे चौकशी सुरू होते. पदरी थोडे अधिक असेल तर कल्याण-डोंबिवली किंवा बदलापूर.

घर शहरात घेतले जाते, परंतु त्याचा कागद वाचून घेण्यासाठी माणूस येतो तो गावातील शिक्षकाकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे किंवा पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याकडे. तो बहुधा विसार देऊन झाल्यावर येतो, ही यातील दुःखाची बाब. त्याचा प्रश्नही ठरलेला असतो : "कागद रजिस्टर होणार आहे ना? मग काळजी कसली?" प्रस्तुत लेख या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिला आहे. दस्ताची नोंदणी आणि इमारतीची मंजुरी या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्यामुळे आपल्याच जिल्ह्यात हजारो कुटुंबे अडचणीत आली आहेत.

डोंबिवलीचा धडा

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. महानगरपालिकेची परवानगी असल्याचे बनावट कागद तयार करण्यात आले, त्यांच्या आधारे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजेच महारेराकडे, प्रकल्पांची नोंदणी मिळविण्यात आली आणि सदनिका विकल्या गेल्या. एका वास्तुविशारदाच्या याचिकेवरून हा प्रकार न्यायालयापुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. त्यानंतर रहिवाशांनी न्यायालयाकडे व शासनाकडे धाव घेतली.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, फसलेली माणसे निष्काळजी नव्हती. अनेकांजवळ नोंदणीकृत करारनामा होता, महारेराचा क्रमांक होता, बँकेचे कर्ज होते; काहींना प्रधानमंत्री आवास योजनेचे व्याज अनुदानही मिळाले होते. सामान्य माणूस ज्या खुणा पाहून निश्चिंत होतो त्या सर्व खुणा तेथे हजर होत्या. ज्या कार्यालयाने परवानगी दिली असे म्हटले जात होते, त्या कार्यालयात जाऊन 'हा क्रमांक आपल्या दप्तरी आहे काय?' एवढे मात्र विचारले गेले नव्हते. पुढे २०२३ पासून महारेराने नोंदणीपूर्वी परवानगीची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याची पद्धत सुरू केली. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी जुन्या इमारतीतील घर दुसऱ्या हाती घेणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

शेजारच्या पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याजवळ मलनिस्सारण प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. शिळफाट्यानजीक ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेल्या अनधिकृत इमारतीत ७४ माणसे मरण पावली. या दुर्घटनेनंतर निदान परवानगीचा प्रश्न केवळ कागदी आहे असे कोणी म्हणू नये.

कोणता कागद काय सिद्ध करतो

नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदविणे सक्तीचे आहे. दुय्यम निबंधक दस्त करून देणाऱ्याची ओळख, मुद्रांक शुल्क आणि दस्ताचे स्वरूप पाहतो. विकणाऱ्याचा हक्क निर्वेध आहे काय, अथवा चौथा मजला मंजूर होता काय, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. नोंदणीमुळे अमुक व्यक्तीने अमुक तारखेस अमुक लिहून दिले एवढे पक्के होते.

वीजमापक आणि मालमत्ता कराची पावती यांबद्दलही असाच गैरसमज आहे. स्थानिक संस्था अनधिकृत बांधकामावरही कर आकारतात, आणि कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. तरीही त्याच उताऱ्यावर खोल्या विकल्या जातात आणि दाखला देणाऱ्या पंचायतीचे नाव नंतर तक्रारीत येते.

चाळीतील खोल्यांचा व्यवहार तर पुष्कळदा केवळ नोटरीसमोर, मुद्रांक कागदावर होतो. मांडा-टिटवाळा परिसरातील अनधिकृत चाळींवर महानगरपालिकेने वेळोवेळी कारवाई केली आहे. नोटरीच्या शिक्क्याने सही खरी ठरते, मालकी हस्तांतरित होत नाही. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जोडणी करून होणाऱ्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. खोली स्वस्त का मिळते याचे उत्तर बहुधा येथेच असते.

जमिनीकडे आधी पाहावे

शहरी माणूस घर घेताना भिंती, फरशी, नळ पाहतो. खेड्यातील माणसाला मात्र सातबारा वाचता येतो, आणि या एका बाबतीत तो शहरवासीयापेक्षा सरस आहे. हे ज्ञान त्याने घर घेताना गुंडाळून का ठेवावे, हे कळत नाही. इमारत ज्या गट क्रमांकावर उभी आहे त्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोणासही काढता येतो. तो काढावा आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवून सावकाश वाचावा.

त्या रकान्यात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी नोंद असेल, तर ती जमीन कुळास १९४८ च्या अधिनियमाखाली मिळालेली आहे, आणि हस्तांतराच्या अटी पाळल्या गेल्या की नाहीत याचा कागद मागितला पाहिजे. भूधारणेच्या ठिकाणी 'भोगवटादार वर्ग २' असेल तर शासनाच्या अटी जोडलेल्या आहेत असे समजावे. महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६अ चा उल्लेख असेल तर ती आदिवासी खातेदाराची जमीन होय. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून अशी जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि अशा जमिनी परत करण्याची तरतूद करणारा अधिनियम १९७४ पासून राज्यात आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची वस्ती असलेल्या आपल्या तालुक्यात या नोंदीचे महत्त्व निराळे सांगणे नको. येथे खरेदीदाराचे घर आणि मूळ खातेदाराची शेती अशी दोन कुटुंबे एकाच कागदाखाली भरडली जातात. वनांची नोंदही पाहावी. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली आलेल्या जमिनींवरील बांधकामांचे वाद अनेक वर्षे चालले आहेत.

सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती अंतिम हक्कपत्र नव्हे. म्हणून मागील तीस वर्षांचे फेरफार व निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ चा शोध वकिलाकडून घ्यावा. वकील आपला असावा. विकासकाने दिलेले हक्काचे प्रमाणपत्र त्याच्या वकिलाने त्याच्यासाठी लिहिलेले असते.

परवानगी कोणाची?

महानगरपालिका वा नगरपंचायतीच्या हद्दीत त्या संस्थेची, आणि बहुमजली इमारतींच्या बाबतीत गावठाणाबाहेरील ग्रामीण क्षेत्रात जिल्हाधिकारी अथवा त्या क्षेत्रासाठी नेमलेल्या नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. सरपंचाचा 'ना हरकत' दाखला या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. कल्याण तालुक्यातील २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. अशा अदलाबदलीच्या ठिकाणी 'त्या वेळी ग्रामपंचायत होती' हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी हमखास असते. ते ऐकताच परवानगीची तारीख आणि ती देणारे कार्यालय या दोन गोष्टी ताडून पाहाव्यात.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे बांधण्यास संमती. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधले व राहण्यास योग्य आहे अशी संमती. पहिले असून दुसरे नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत. नकाशात तळमजला व तीन मजले मंजूर असताना पाच मजले चढविलेले असतात, आणि स्वस्त सदनिका नेमकी वरच्या दोन मजल्यांवर असते. कार्यालयात समक्ष जाऊन क्रमांक पडताळणे उत्तम. दाद न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळण्याची तरतूद आहे. वीस वर्षांच्या कर्जापुढे तीस दिवस फार नाहीत.

दोन अधिनियम

सदनिका खरेदीदाराच्या संरक्षणासाठी आपल्या राज्याने १९६३ सालीच मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम केला. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा अधिनियमाने त्यात भर पडली. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. विक्री चटई क्षेत्रफळावर, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, व्हावयास हवी. साडेचारशे चौरस फूट म्हणून सांगितलेले घर मोजल्यावर दोनशे ऐंशी भरते, हा अनुभव दुर्मीळ नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे.

मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पास महारेराची नोंदणी बंधनकारक नाही. तालुक्याच्या ठिकाणी किंवा स्टेशनालगत उभ्या राहणाऱ्या लहान इमारती बऱ्याचदा या सवलतीत बसतात. तेथे खरेदीदाराला स्वतःच सर्व पाहावे लागते.

पैशाचा हिशेब

समजा, १५ लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. महिना हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो आणि वीस वर्षांत एकूण सुमारे ३२ लाख ४० हजार रुपये फेडावे लागतात. याखेरीज मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आहेच; घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, ही तयार घराची आणखी एक जमेची बाजू. इमारत पाडली गेली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हेही याच हिशेबात धरावे.

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. भूसंपादनाचा मोबदला ज्यांना मिळाला त्यांच्यापैकी काहींनी शहरात घरे पाहिली. जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो नोटरीच्या कागदावर गेला तर मागे शेतही राहत नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाने कल्याणजवळ शिरढोण व खोणी येथे प्रधानमंत्री आवास योजनेतील घरे सोडतीने दिली आहेत. तेथे जमिनीचा व परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. सोडतीची वाट पाहणे लोकांना कंटाळवाणे वाटते हे खरे. आवास योजनेच्या लाभासाठी पती, पत्नी व अविवाहित मुले यांच्या नावे देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. गावातील घर वडिलांच्या नावे आहे की अर्जदाराच्या, हे नमुना ८ वरून आधीच पाहून ठेवावे. येथे मात्र तो उतारा कामाचा ठरतो.

ताबा मिळाल्यानंतर

किल्ली मिळाली म्हणजे व्यवहार संपला असे नाही. सदनिकाधारकांची सहकारी संस्था स्थापन होऊन जमीन व इमारत संस्थेच्या नावे होईपर्यंत जमिनीचा मालक जुनाच राहतो. विकासक हे अभिहस्तांतरण करून देत नसेल तर १९६३ च्या अधिनियमात २००८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी करारनामा, सूची क्रमांक २, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सातबारा हेच कागद पुन्हा लागतात. शेणव्याच्या शाळेत बसून ज्याने ते पहिल्या दिवशी तपासून घेतले असतील, त्याच्या पेटीत ते तयारच असतील.