पाठविणारी मंडळी व परत आलेला सेवक
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 14:19-28. सोबत वाचावे : 2 करिंथ 8:18-21, फिलिप्पै 4:10-18.

मंडळीने ज्यास सुवार्तेसाठी दूर पाठविले तो परत भेटीस आला असता त्याने काय सांगावे, व मंडळीने ते कसे ऐकावे, हा या पाठाचा विषय आहे. समुद्रपुराकडील आमच्या लहान मंडळ्यांस वाटेल की, ही गोष्ट परदेशातील धनाढ्य मंडळ्यांची. आपण तर घेणारे. या समजुतीचा विचार पुढे करू.

पौल व बर्णबा अत्तलियाहून तारवात बसून अंत्युखियास आले. येथूनच उपास व प्रार्थना करून मंडळीने त्यांस रवाना केले होते. आल्यावर त्यांनी मंडळी जमविली व देवाने आपल्या हातून काय काय केले ते सांगितले. लूक येथे वर्गणीचा शब्दही काढीत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी वृत्तांत म्हणजे थाळी फिरविण्यापूर्वीची प्रस्तावना होऊन बसली आहे. अंत्युखियात तसे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट उपदेशकांनी वर्गात नीट उलगडून सांगावी. लुस्त्र येथील लोकांनी पौलास आधी देव मानले, आणि मग दगडमार करून मेला असे समजून गावाबाहेर ओढून टाकले. असा मनुष्य घरी येऊन त्या लोकांच्या अज्ञानाचे व क्रौर्याचे वर्णन करता, तर श्रोत्यांचे डोळे भरून आले असते. परंतु लूक जे नमूद करतो ते एवढेच की, देवाने परराष्ट्रीयांस विश्वासाचे द्वार उघडले. आम्हांस हे फार महत्त्वाचे वाटते. आमच्या खेड्यांतील दारिद्र्य, फाटकी वस्त्रे व उघडी मुले यांची चित्रे दूरदूरच्या देवळांत दाखवून द्रव्य मिळविण्यात आले आहे. दान देणाऱ्यांचा हेतु चांगला होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याचे चित्र दाखविले तो बंधु तेथे बसला असता तर मान वर करू शकला असता काय? वृत्तांत सांगणाऱ्याने ही कसोटी आपणास लावावी.

आता जपानचे उदाहरण घेऊ. नीजिमा जो हा तरुण 1864 साली जपान सोडून गेला. त्या काळी परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. अमेरिकेत शिकून त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि ज्या अमेरिकन बोर्डाने 1813 साली गॉर्डन हॉल यांस मुंबईस आणले त्याच बोर्डाने त्यास जपानास धाडण्याचे ठरविले. ऑक्टोबर 1874 मध्ये व्हरमाँट प्रांतातील रटलंड गावी बोर्डाच्या वार्षिक सभेत तो निरोपाचे भाषण करावयास उभा राहिला. आपल्या देशात ख्रिस्ती विद्यालय पाहिजे, त्यासाठी पैसा मिळाल्यावाचून मी परत जाऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. त्याच सभेत सुमारे पाच हजार डॉलरांची वचने मिळाली. पुढे एका गरीब शेतकऱ्याने घरी जाण्याच्या आगगाडीच्या भाड्याचे दोन डॉलर त्याच्या हाती ठेवले व आपण पायी जाऊ म्हणून सांगितले. 1875 च्या नोव्हेंबरात क्योतो येथे दोशिशा शाळा उघडली. ती आज मोठे विद्यापीठ आहे. नीजिमाने मागितले खरे. पण आपल्या लोकांची निंदा करून नव्हे, त्यांच्या योग्यतेवर भरवसा ठेवून मागितले.

महाराष्ट्रातील दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. 1886 च्या मार्चात त्या अमेरिकेस पोहोचल्या, आणि 1887 च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन उघडले. मुदत संपली तेव्हा, म्हणजे 1898 साली, बाई स्वतः पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि झालेल्या कामाचा वृत्तांत त्यांनी मदत देणाऱ्यांपुढे ठेवला. मधल्या काळात मध्यप्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडून गेला होता. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या दुष्काळातील कितीएक निराधार स्त्रिया व मुली बाईंनी केडगावच्या बाजूस नेऊन सांभाळल्या. दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारले जाण्याची वाट न पाहता सांगणे, यास आम्ही ख्रिस्ती सभ्यता म्हणतो. पौलानेही यरुशलेमाकडे दान नेताना मंडळ्यांनी निवडलेला बंधु सोबत घेतला, यासाठी की कोणी बोट ठेवू नये.

राहिला प्रश्न घेणाऱ्यांचा. 1970 साली आपल्या शेजारी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. दूरच्या मिशनचे लेकरू म्हणून बसून राहण्याचे दिवस तेव्हाच सरले. मिझो बहिणी 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूस काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर त्यांचे कितीतरी सेवक दूरदूर गेले आहेत. हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकून आलेल्या घरास मूठभर ज्वारी जड जाऊ नये. नापिकीच्या वर्षाची गोष्ट निराळी. त्या वर्षी ज्यास जमत नाही त्याचे नाव सभेत वाचून दाखवू नये, अशी पंचांस आमची विनंती आहे.

पौल व बर्णबा वृत्तांत सांगून लगेच निघून गेले नाहीत. ते शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. म्हणून पाहुणा सेवक आला असता त्यास एका भाषणावर वाटेस लावू नये. त्याने रात्री वस्तीत राहावे, भाकरी खावी, आजाऱ्यांच्या घरी जावे. उपदेशकांनी वर्गात अत्तलिया व अंत्युखिया ही ठिकाणे नकाशावर दाखवावी, आणि मग मुलांस विचारावे की, आपल्या गावाची हकीकत दुसऱ्या मंडळीस सांगावयाची झाली तर देवाने येथे केलेले कोणते काम तुम्ही प्रथम सांगाल? उत्तरे लिहून घेऊन ती पुढील रविवारी मोठ्यांच्या सभेत वाचावी.