विंडोज ७ वर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही? आधी एरर वाचा

विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, तरी घरांत, दुकानांत, छोट्या ऑफिसांत हे संगणक अजून चालू आहेत. त्यांवर नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की एररची चौकट येते आणि बहुतेक जण ओके दाबून सेटअप पुन्हा चालवतात. पुन्हा तीच एरर. खरं तर दुखणं कुठे आहे आणि ते बरं होणारं आहे की नाही, हे बहुधा त्या चौकटीतच लिहिलेलं असतं. म्हणून ओके दाबण्याआधी मोबाइलने तिचा फोटो काढा.

१. संगणकाची माहिती घ्या

कीबोर्डवर विंडोजची की धरून पॉझ दाबा. उघडणाऱ्या पानावर तीन गोष्टी पाहा : सर्व्हिस पॅक १ आहे का, सिस्टम ३२ बिट आहे की ६४ बिट, आणि रॅम किती. सर्व्हिस पॅक १ नसेल तर आधी तो टाका. पुढचे बरेच उपाय त्याच्याशिवाय लागू पडत नाहीत.

२. साधी कारणं आधी निकालात काढा

- तारीख : मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि सुरक्षित वेबसाइट व ऑनलाइन सेटअप अडतात. तारीख दुरुस्त करा. वीज बंद करून चालू केल्यावर ती पुन्हा चुकत असेल तर सेल बदला. बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२ असतो.
- जागा : सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकलं तरी सेटअपच्या तात्पुरत्या फाइल सहसा सी ड्राइव्हवरच उलगडतात. डिस्क क्लीनअप चालवून तिथे काही जीबी मोकळे करा.
- परवानगी : सेटअप फाइलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा.
- फाइल : डाउनलोड अर्धवट झालं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. छोटा ऑनलाइन सेटअप मध्येच थांबत असेल तर कंपनीच्या साइटवरून पूर्ण ऑफलाइन सेटअप घ्या.

३. चौकटीतल्या मजकुराप्रमाणे उपाय करा

*‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’* : बहुधा ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचं सॉफ्टवेअर टाकलं जातंय. त्याची ३२ बिट आवृत्ती शोधा. तीही चालली नाही तर डाउनलोड खराब असू शकतं.

*‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ किंवा ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी फाइल ‘मिसिंग’* : ती एकच फाइल कुठल्या तरी साइटवरून आणून चिकटवू नका, अशा फायलींतून व्हायरस येतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१५-२०२२ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या. ६४ बिट विंडोजवर ३२ आणि ६४ बिटचे दोन्ही टाका, कारण ३२ बिट सॉफ्टवेअरला ३२ बिटचाच लागतो. तरीही भागलं नाही तर केबी२९९९२२६ हे अपडेट टाका.

*डॉटनेट फ्रेमवर्क हवं* : विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ४.८ आहे, तिचा ऑफलाइन सेटअप मिळतो.

*ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही* : प्रिंटर किंवा यूएसबी टोकन जोडताना ही अडचण येते. नव्या सह्या एसएचए-२ पद्धतीच्या असतात आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला त्या ओळखता येत नाहीत. आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९ टाका आणि संगणक रीस्टार्ट करा.

*एरर १६१८* : दुसरं काही इन्स्टॉल होत आहे. ते संपू द्या किंवा संगणक रीस्टार्ट करा.

*एरर १६०३* : कारणं अनेक असतात. त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कंट्रोल पॅनेलमधून काढा, मग ज्या फोल्डरमध्ये टाकताय त्यावर ‘सिस्टम’ या खात्याला पूर्ण परवानगी आहे का ते तपासा.

४. कुठे थांबायचं ते ओळखा

‘प्रोसीजर एन्ट्री पॉइंट’ सापडत नाही आणि सोबत कर्नल३२.डीएलएलचं नाव, अशी एरर असेल तर बहुधा त्या सॉफ्टवेअरला विंडोज ८ किंवा त्यानंतर आलेली सोय हवी आहे. उदाहरणार्थ, ‘गेटसिस्टमटाइमप्रिसाइजॲजफाइलटाइम’ हे फंक्शन विंडोज ७ मध्ये नाहीच. कंपॅटिबिलिटी मोड लावूनही ते येणार नाही. इथे विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती शोधणं हाच उपाय. क्रोमची अशी आवृत्ती १०९ आहे, फायरफॉक्सची ११५ ईएसआर. जुनी आवृत्ती शक्यतो कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि ती आपोआप अपडेट होणार नाही अशी सेटिंग ठेवा.

मोठं काही टाकण्यापूर्वी सिस्टम रीस्टोअर पॉइंट करा आणि महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. सेटअप यशस्वी झाला तरी अशा संगणकावर नेट बँकिंग टाळलेलंच बरं. लागणारं प्रत्येक सॉफ्टवेअर चौथ्या पायरीवर अडू लागलं आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. हार्ड डिस्कवरचं काहीही न पुसता ती तुमच्या संगणकावर कशी चालते ते कळेल.