उसळीनंतरचे दोन सेकंद

मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं उड्डाण बघणं हाही आमच्या प्रशिक्षणाचा भाग होता. विदर्भातली एप्रिलची दुपार. धावपट्टीच्या अलीकडची नांगरलेली काळी शेतं तापली होती आणि त्यांच्यावरून येताना आमचं सेसना १७२ सारखं वर फेकलं जात होतं. माझा बॅचमेट फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, ७५ नॉटने आला. हवे होते ६५. दहा नॉट किरकोळ वाटतात, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जवळजवळ एक तृतीयांश जादा ऊर्जा घेऊन विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं, तिन्ही चाकांवर सपाट आपटलं आणि उसळलं.

तोवर काहीच बिघडलं नव्हतं. मग त्याने योक, म्हणजे नाक वर-खाली करणारं हातातलं नियंत्रण, पुढे ढकलला. नोज व्हील आधी आदळलं, दुसरी उसळी आणखी उंच गेली. इन्स्ट्रक्टर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाले तेव्हा त्याच्या मुठी योकवर आवळलेल्या होत्या. तिसऱ्या वेळी नोज व्हीलचा दांडा मोडला, प्रोपेलर डांबरात घुसला, इंजिन जागच्या जागी थांबलं. मिक्श्चर, फ्युएल, मास्टर बंद करून आम्ही तिघेही धडधाकट बाहेर पडलो. इंजिन मात्र पूर्ण उघडावं लागलं; असा धक्का क्रँकशाफ्टपर्यंत पोचतो.

उसळी प्रत्येकाच्या वाट्याला येते. जमीन दूर जाताना दिसली की हात आपोआप नाक खाली नेतो, पण विमान थोडं उशिरा प्रतिसाद देतं आणि आपली दुरुस्ती नेमकी नको त्या क्षणी लागू होते. म्हणून पहिल्याच मोठ्या उसळीला थ्रॉटल पूर्ण द्या, उजव्या रडरवर पाय ठेवा. ट्रिम लँडिंगचा असल्याने नाक जोरात वर जाऊ पाहील, ते धरून ठेवा. फ्लॅप आधी २० अंशांवर आणा, चढ स्थिर झाल्यावर उरलेले टप्प्याटप्प्याने. एकदम सगळे वर घेतलेत तर विमान खाली बसेल.

असं उतरणं सोडून पुन्हा वर जाणं म्हणजे गो-अराउंड. तो केला म्हणजे नापास, ही समजूत आमच्यात घट्ट रुजली होती. मला तीच सर्वांत घातक वाटते. अ‍ॅप्रनवर उभ्या असलेल्या मित्रांना काय वाटेल, याला त्या क्षणी काडीचीही किंमत देऊ नका.

इन्स्ट्रक्टरनी कंट्रोल मागितला की ‘यू हॅव कंट्रोल’ मोठ्याने म्हणा आणि हात खरोखर काढा. सोलोआधी त्यांच्याकडून फ्लेअरमधले, चाकं टेकायच्या बेतात असतानाचे गो-अराउंड मागून घ्या. ५०० फुटांवरचा सराव इथे पुरत नाही.